गोंधळ कोणाच्या पथ्यावर?

20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत तीनपैकी दोन कृषी विधेयके मंजूर झाली. ती प्रवर समितीकडे पाठवावीत असा विरोधकांचा आग्रह होता, त्यांनी मतविभाजनही मागितले. उपसभापतींनी आवाजी मतदानावर विधेयके मंजूर झाल्याचे जाहीर केले. मतविभाजन मागणारे आपापल्या जागेवर नव्हते, हे त्यामागचे स्पष्टीकरण विरोधकांनी फेटाळले. सदस्य हौद्यात उतरले, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. पुढे शेतकरी दिल्लीच्या सीमांवर वर्षभर बसून राहिले आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी हे कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी चर्चेविना मंजूर केले. कायदे करताना छाननी नाही, मोडताना चर्चा नाही. शेतकऱ्यांचे जे म्हणणे समितीच्या बैठकीत ऐकता आले असते, ते ऐकायला रस्त्यावरचे आंदोलन लागले.

प्रश्न केवळ कृषी कायद्यांचा नाही. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी 135 दिवस भरत असे. सतरावी जेमतेम 55 दिवस भरली. पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत 16 टक्के.

सरकारची बाजू अगदीच लंगडी नाही. बहुमताने निवडून आलेल्या सरकारला कायदे करता आलेच पाहिजेत. विरोधक कामकाज चालूच देणार नसतील तर त्याने हातावर हात ठेवून बसायचे का? आणि कामकाज रोखण्याचे हत्यार काही आजचे नाही. 2010 चे हिवाळी अधिवेशन टूजी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून वाहून गेले, तेव्हा भाजप विरोधात होता. बाके बदलली की युक्तिवादही बदलतात.

तरीही दोष निम्मा-निम्मा वाटता येत नाही. अधिवेशन कधी बोलवायचे, किती दिवस चालवायचे, कोणते विधेयक केव्हा आणायचे, हे सरकार ठरवते. शिवाय गोंधळ सरकारच्या पथ्यावरच पडतो. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात बिहारच्या मतदारयाद्यांवर चर्चा नाकारली गेली, विरोधकांनी कामकाज रोखले. त्याच गदारोळात ऑनलाइन गेमिंगचे विधेयक 20 ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले, त्याच दिवशी मंजूर झाले आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेतूनही बाहेर पडले. विरोधकांचा प्रश्न रास्त होता. पण बंद पडलेल्या प्रश्नोत्तराच्या तासाने सुटका झाली ती मंत्र्यांची, हे त्यांनी ओळखायला हवे.

सत्ताधारी बाकांवरचा खासदारही मोकळा नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने आयाराम-गयारामांना वेसण घालायची होती. ती किती ढिली आहे हे महाराष्ट्राने 2022 मध्ये पाहिले. मात्र पक्षादेश मोडून एखाद्या साध्या विधेयकाविरुद्ध मत दिले तरी सदस्यत्व जाऊ शकते, ही धास्ती कायम आहे. पक्षादेशाची ही सक्ती विश्वासदर्शक ठराव आणि अर्थविषयक मतदानापुरतीच असावी.

कायदा बदलायला वेळ लागेल. विरोधकांनी प्रश्नोत्तराचा तास कधीही रोखणार नाही असे आजच जाहीर करावे. सरकारनेही संकेत पाळून लोकसभेचे उपाध्यक्षपद विरोधी पक्षाला द्यावे. ही निवडणूक शक्य तितक्या लवकर व्हावी असे राज्यघटनेचे अनुच्छेद 93 सांगते. सतराव्या लोकसभेने पाचही वर्षे उपाध्यक्षाविना काढली.