गादी सोडून उठू नका

कापडाच्या धंद्यात खातेवही टॅलीत गेली, विवरणपत्रे जीएसटीच्या संकेतस्थळावर गेली. काही अडले की सॉफ्टवेअरवाला आता दुकानात येत नाही. "एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा," असे फोनवरच सांगतो. आम्हीही तसेच करतो. त्यात वेळ वाचतो, खर्च वाचतो. परंतु आपण नेमके काय हवाली करतो, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

दुरून कॉम्प्युटर चालवण्याचे दोन प्रकार आहेत. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने कोणी आत आला की साधारणपणे आपल्यासमोरचा पडदा कुलूपबंद होतो. तो काय करतो ते आपल्याला दिसत नाही. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरमध्ये मात्र आपल्यासमोर चालू असलेला पडदाच त्यालाही दिसतो आणि माउस दोघांचाही चालतो. आमच्या मते व्यापाऱ्याने हा दुसरा प्रकारच वापरावा, कारण काम डोळ्यांदेखत होते. पण धोकाही इथेच आहे. बँकेचे पान, उधारीची यादी, खरेदीचे भाव, जे उघडे असेल ते सगळे त्याच्यापुढेही उघडे असते.

मागे एकदा जोडणी चालू ठेवून आम्ही जोहरच्या नमाजला गेलो. परत येतो तोच त्या मुलाचा फोन आला, "चाचा, तुमचे बँकेचे पान उघडे राहिले आहे, आधी बंद करा." मुलगा अमानतदार निघाला. चूक आमची होती. गल्ला उघडा टाकून कोणी गादीवरून उठतो काय?

सगळेच तसे नसतात. बँकेचा माणूस असल्याचे सांगून फोन करायचा, ॲप घ्यायला लावायचे, नंबर विचारायचा आणि खाते साफ करायचे, हा ठगांचा धंदा झाला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल सावध केले होते.

म्हणून नंबर ओळखीच्याच माणसाला द्यावा, तोही आपण स्वतः फोन लावून. आधी बाकीचे सगळे बंद करावे. आपल्या गैरहजेरीत आत येता येईल असा कायमचा पासवर्ड ठेवू नये. मध्येच पडदा काळा झाला तर जोडणी तोडावी. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर कळवावे.

आपल्या खात्यांत केवळ आपलाच पैसा नसतो. कारखानदारांचे देणे आणि गिऱ्हाइकांचा हिशेबही असतो. ती लोकांची अमानत आहे. तिची राखण मुनीमजींवर सोपवून मालकाची सुटका होत नाही.