कांद्याला खालून हवा, माणसाला मात्र रेक्झिन

परवा दादरच्या फुलबाजारात झेंडू उतरवताना टेम्पोच्या सीटखालचा पंखा बघून हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे हसले. "शेठ, आता ट्रॅक्टरला सोफा बसवा." त्यांचं ठीक आहे. पण आमचे एक कृषी पदवीधर मित्र म्हणाले, "तुमच्या नोंदी पिकाच्या असतात, हे जुगाड कशाला त्यात?" त्याचं उत्तर देतोय. ही नोंद पिकाचीच आहे.

आपण कांदाचाळ बांधतो तेव्हा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलतो, खाली फटी ठेवतो, थर पाच फुटांच्या वर जाऊ देत नाही. का? तर खालून हवा गेली नाही की कांदा घामेजतो आणि सडतो. झेंडू ओला भरत नाही, ताडपत्री गच्च आवळत नाही. टोमॅटोच्या क्रेटला सगळ्या बाजूंनी भोकं. काढणीपश्चात नुकसानीवर तास-तासभर भाषणं होतात. आणि तोच माल रात्री माळशेज उतरवून, मुरबाड-कल्याण करत पहाटे दादरला पोचवणारा माणूस? तो इंजिनावर ठेवलेल्या फोमवर, वर गच्च रेक्झिन, आठ-आठ तास. कांद्याएवढीही किंमत नाही त्याची.

सरकारने ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला, 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या गाड्यांना. चांगलं केलं. पण तो नियम एन-2 आणि एन-3 वर्गाला, म्हणजे मालासकट साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. आपला भाजीपाला, फुलं, दूध ज्यात जातं ते छोटे टेम्पो आणि पिकअप बहुतेक एन-1 मधे. म्हणजे सिमेंट वाहणाऱ्याला घाम येतो, मेथी वाहणाऱ्याला येत नाही, असं काहीतरी दिल्लीत ठरलंय. यावर एकाही शेतकरी मेळाव्यात कुणी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही.

आता त्या महागड्या गाड्यांतल्या 'थंड सीट'चं. त्यात बहुतेक ठिकाणी थंड करणारं काही नसतंच. फोममधे पन्हळी असतात, वर बारीक भोकांचं कापड, खाली छोटा ब्लोअर. तो केबिनची हवा अंगाखालून फिरवतो, घाम वाळतो, वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम वाळायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात, त्या अंगातूनच जातात. मुंबईची हवा आधीच ओली, तिथं घाम आपसूक वाळत नाही. म्हणून तिथं हवा हलणं जास्त महत्त्वाचं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांना हे आपल्या आधी कळलं होतं. शेवटची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण ती लाकडी मण्यांची चटई अजून दिसते. अंग आणि रेक्झिन यात फट ठेवणं, बस्स.

मी आधी फसलो. एका दुकानात 'कूलिंग कव्हर' घेतलं. घरी येऊन तोंडाने फुंकून बघितलं तर भोकं आरपार नव्हतीच, नुसते ठसे! जेलची गादी घेतली, ती पहिला अर्धा तास गार, मग अंगाएवढीच गरम. तिला उष्णता सोडायला जागाच नाही.

मग लॅमिंग्टन रोड. दादरला माल उतरवला की परळ, लालबाग, भायखळा असं रांगत रांगत जायचं, सकाळी अकराला लालबागच्या सिग्नलला उभं राहिलं की सीट तव्यासारखी. तिथून कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा आणला, सीटखाली लावला. रिकाम्या सीटवर उदबत्ती धरली, धूर मस्त हलला. मी बसलो, धूर थांबला. रिकाम्या सीटवर सगळेच पंखे चालतात हो. पात्यांच्या पंख्याला दाब नसतो. फोम दाबला गेला की तो जागेवर घुमत राहतो. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, दाट वेलीत हवा घुसवायला ब्लोअर लागतो, घरचा टेबलफॅन नाही.

दुसऱ्या खेपेला गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर आणला. आता हवा आली, पण गरम! डोकं लावलंच नव्हतं मी: सीटखाली इंजिन, ब्लोअर तिथलीच हवा ओढून मलाच भाजत होता. मग उलटं केलं. ब्लोअरचं तोंड सीटला जोडलं, म्हणजे तो केबिनची हवा वरून अंगाखालून ओढतो आणि पाइपने पाठीमागे फेकतो. फोममधे बोटभर रुंद चर कापले, चर दाबून बुजू नयेत म्हणून त्यात अर्धे चिरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे उताणे न ठेवता पालथे, भोकं पाडून. वर काथ्याची पातळ चटई, त्यावर जाळीचं कापड. रेक्झिन काढून टाकलं. हेच खरं काम, पंखा नंतरचा. जमीन घट्ट झाली की वरून कितीही खत ओता, मुळाला हवा नाही, फोमचं तेच.

गार वाटतं का? गार नाही. पाठ ओली राहत नाही, आणि परत येताना माळशेजच्या चढाला डोळा लागत नाही. त्याला मी पिकाचा खर्च म्हणतो. ड्रायव्हर पेंगला तर झेंडूचा भाव विचारायला कोण उरतंय?

करणाऱ्यांनी एवढं बघा: ब्लोअरच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज टाका, माझा दोन अँपिअर खातो, तीनचा फ्यूज लावलाय. वायर इंजिनाच्या गरम भागाला आणि सीटच्या रुळाला घासू देऊ नका. ज्या गाडीच्या सीटमधे एअरबॅग किंवा बसल्याचं कळणारा सेन्सर आहे, तिथं चाकू लावूच नका. मण्यांची चटई टाका आणि गप्प बसा.

आणि पदवीधर मित्रांनो, पुढच्या मेळाव्यात एन-1 च्या केबिनचा विषय तुम्ही काढणार की मी काढू? माइक तुमच्याच हातात असतो. मला रविवारी रात्री पुन्हा दादरची खेप आहे, त्याआधी काथ्याची चटई बदलायची राहिलीय, घामाने वास मारायला लागलीय.