किटलीच्या आकाराचा पंप आणि शिरोलीचा महामार्ग

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाच्या सातारा-कागल टप्प्याचे सहापदरीकरण हाती घेतले गेले, तेव्हा शिरोली एमआयडीसी परिसरात पंचगंगेचा पूर आणि रस्त्याचा भराव यांवर भरपूर चर्चा झाली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात येथील वाहतूक बंद पडली होती; त्यामुळे ती चर्चा आवश्यकच होती. रस्त्याकडेच्या जुन्या बांधकामांचा विषय मात्र त्यात अभावानेच आला.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या झिला या छोट्या गावाचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे १९२२ मध्ये महामार्गालगत चक्क चहाच्या किटलीच्या आकाराचा पेट्रोल पंप उभारण्यात आला. गोल खोली, वर निमुळते छप्पर, एका बाजूस पत्र्याचा कान आणि दुसऱ्या बाजूस काँक्रीटची तोटी. गिऱ्हाईक खेचण्याची ही शक्कल खरी. पण मुळात तो राजकीय टोला होता. अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांच्या कारकिर्दीत वायोमिंगमधील 'टीपॉट डोम' हा नौदलासाठी राखीव तेलसाठा निविदा न मागवताच खासगी कंपनीला बहाल करण्यात आला. शेजारच्या किटलीसारख्या खडकावरून त्या जागेला हे नाव पडले होते. या प्रकरणांत लाच घेतल्याबद्दल मंत्री अल्बर्ट फॉल १९२९ मध्ये दोषी ठरले आणि पुढे तुरुंगातही गेले. तेलाच्या भ्रष्टाचाराची टिंगल तेल विकणाऱ्या पंपानेच करावी, हा योग विलक्षणच!

नवा द्रुतगती मार्ग आल्यावर १९७८ मध्ये ही किटली पाडली न जाता जुन्या रस्त्यावरच पुढे हलविण्यात आली. १९८५ मध्ये तिची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली. २०१२ मध्ये ती गावात आणून तेथे पर्यटक माहिती केंद्र करण्यात आले.

त्या नोंदवहीसाठी साधारणतः ५० वर्षांचे वय पुरते. आपल्याकडे केंद्राच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारक ठरण्यासाठी किमान १०० वर्षे लागतात. शिरोली कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीबाहेर, हातकणंगले तालुक्यात येते. त्यामुळे महापालिकेची वारसा यादी तेथे पोहोचत नाही. स्वातंत्र्योत्तर काळातील फाउंड्री, धाबे, जुने पंप यांना त्यामुळे कोणीच वाली उरत नाही. लोकांची स्मृती मात्र अशाच ठिकाणांना चिकटलेली असते. महामार्गावरून कोल्हापुरात शिरण्याची जागा कोणत्याही सरकारी नावापेक्षा 'तावडे हॉटेल' म्हणूनच ओळखली जाते.

प्रत्येक शेड जपावी, असे कोणी म्हणणार नाही. किटली लहान होती म्हणून हलली. फाउंड्रीची भट्टी हलणार नाही. पण मोबदल्यासाठी प्रत्येक बांधकामाची मोजणी आणि मूल्यांकन होतच असते. त्याच वेळी बांधणीचे वर्ष, चार छायाचित्रे आणि मोजमापाचा एक आराखडा फायलीत जोडून ठेवण्यास वेगळा निधी लागणार नाही; जिल्हाधिकारी कार्यालयाचे एक परिपत्रक त्यासाठी पुरेसे आहे.