सांधा कुणाचा, भार कुणावर

जपानी सुतार एकही खिळा न मारता तुळईला तुळई जोडतो. ते मोबाईलवर बघून आपली पोरं खुळावलीत. खुळावू द्या. पण लगेच कुणीतरी पांढरपेशा पचकतोच : आपलं जुनं गाव असंच होतं हो, बारा बलुतेदार, ज्याची खाच त्याला!

साला, सांधा कशाला म्हणतात ते आधी बघ. आमच्या वणीकडची जुनी बैलगाडी घे. चाकाचा आरा, त्याच्या टोकाला तासलेलं कुसू, तुंब्यात कोरलेलं भोक. कुसू भोकात जातं. आऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला घेराचे लाकडी तुकडे. मग लोहार लोखंडी धाव भट्टीत लाल करतो. तापून फुगलेली धाव चाकावर चढवायची, वर पाणी ओतायचं. ती आकसते आणि सगळे सांधे एकदम आवळते. गोदीत मी खिळे मारलेल्या पेट्या रोज बघतो. दोन आपट्यांत खिळा ढिला, फळी चिरलेली. चाक मात्र खडकाळ वाटेवर वर्षानुवर्षं चालायचं. सुताराच्या हाताला माझा सलाम, त्यात खोट नाही.

पण त्या चाकात भार फिरतो. आत्ता खाली असलेला आरा घटकेत वर जातो. गावगाड्यात खालचा कधी वर गेला? लाकडं फोडायला महार, मेलेलं ढोर ओढायला महार, पिढ्यान् पिढ्या.

दुसरी गोष्ट. जपानात होर्युजीची लाकडी देवळं तेराशे वर्षं उभी आहेत. त्यांचे सुतार खांबाचा कुजलेला बुंधा कापून नवं लाकूड सांध्यानं जोडतात. म्हणजे कुजलेलं काढता येतं! इथं वतनाचं कुजकं लाकूड काढायला बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. वतन गेलं ते 1958 च्या कायद्यानं. तीस वर्षं. बाबासाहेब तोवर राहिलेही नव्हते.

आणि नाशकात 1930 च्या एप्रिलात काळारामाचा रथ दोघांनी मिळून ओढायचं ठरलं होतं. आमचे हात लागायच्या आत सवर्णांनी तो पळवला. रथ लाकडाचाच की. त्याचे सांधे कुठं बाटणार होते?

तेव्हा पोरांनो, जपान्याचा हात बघा, शिका. आयटीआयच्या सुतारकामाला जागा असेल तर अर्ज टाका. बापजाद्यांना पटाशी धरायची मुभा नव्हती, तुम्हाला आहे. आणि पुन्हा कुणी गावगाड्याला सांधा म्हणालं, तर त्याला एकच विचारा : तू त्यात कुठल्या जागेवर बसला होतास?