स्वादुपिंडाचा दाह आणि शारीरशास्त्राची उपेक्षित शाखा

हृदय, यकृत, मूत्रपिंड हीं नांवें आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असतात. परंतु जठराच्या मागें, पाठीच्या कण्यापुढें आडवें पडलेलें वीतभर लांबीचें जें एक इंद्रिय आहे, त्याची आठवण बहुधा तें दुखूं लागल्यावरच होते. मराठींत त्यास स्वादुपिंड म्हणतात, हिंदींत अग्न्याशय. पाश्चात्य भाषांत रूढ झालेल्या ग्रीक नांवाचा अर्थ 'सर्व मांस' असा आहे. कारण त्यांत हाड नाहीं कीं कूर्चा नाहीं. आमच्या प्राचीन वैद्यकांत 'क्लोम' नामक अवयवाचा उल्लेख येतो. तें स्वादुपिंडच होय असें एक पक्ष म्हणतो. दुसरा त्यास पित्ताशय मानतो, तिसरा श्वासनलिका. संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तरीही हा वाद केवळ कोशाच्या बळावर मिटेल असें आम्हांस वाटत नाहीं. शरीर उघडून पाहिल्यावांचून ज्यांचा अर्थ ठरत नाहीं असे कांहीं शब्द असतात, त्यांतलाच हा एक होय.

या इंद्रियाचीं कामें दोन. दररोज लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करून तो आंतड्यांत सोडणें हें पहिलें, आणि रक्तांतील साखर ताब्यांत ठेवणारें इन्सुलिन निर्माण करणें हें दुसरें. यांतील पाचकरस इतका तीव्र असतो कीं, मांस, पीठ, तूप यांपैकीं त्यापुढें कांहींच टिकत नाहीं. म्हणून निसर्गानें अशी योजना केली आहे कीं, त्यांतील मुख्य द्रव्यें स्वादुपिंडांत असेपर्यंत निद्रित असावीं आणि आंतड्यांत उतरल्यावर जागीं व्हावीं. हीं द्रव्यें कांहीं कारणानें आंतच जागीं झालीं, तर स्वादुपिंड स्वतःसच पचवूं लागतें. प्राग येथील विकृतशारीराचे अध्यापक हान्स किआरी यांनीं १८९६ सालीं हें मत मांडलें, व तें मूलतः आजही मान्य आहे. या दाहाचीं प्रमुख कारणें दोन: पित्ताशयांतून सरकलेला खडा आणि मद्यपान.

या रोगास वैद्यकांत स्वतंत्र स्थान मिळवून दिलें तें शवविच्छेदनाच्या टेबलाशीं उभे राहणाऱ्या एका अध्यापकानें. त्यांचें नांव रेजिनल्ड फिट्झ. त्यांचा जन्म १८४३ चा. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी १८६८ मध्यें मिळाल्यावर ते युरोपांत गेले व बर्लिन येथें फिर्शो या थोर आचार्यांच्या हाताखालीं शिकले. १८७० मध्यें बोस्टनला परत येऊन त्यांनीं विकृतशारीर शिकविण्यास आरंभ केला. रोग्याच्या मृत्यूनंतर त्याचें शरीर उघडावें, जिवंतपणीं नोंदविलेलीं लक्षणें आंत दिसलेल्या विकारांशीं पडताळून पाहावीं, आणि अशा शेंकडों नोंदींतून एखादा नियम निघतो कीं काय तें शोधावें, असें हें काम. त्यांत टाळ्या नाहींत आणि कृतज्ञ रोगीही नाहींत; कारण ज्याचा उपयोग होतो तो रोगी आधींच गेलेला असतो.

या पद्धतीनें फिट्झ यांनीं १८८६ सालीं आंत्रपुच्छाच्या दाहाचें स्वरूप सिद्ध केलें व त्यांत लवकर शस्त्रक्रिया करावी असें सांगितलें. पुढें १८८९ मध्यें न्यूयॉर्क येथील व्याख्यानांत त्यांनीं स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचें शास्त्रशुद्ध वर्णन केलें. रक्तस्रावाचा, पुवाचा आणि सडण्याचा, असे त्याचे प्रकार त्यांनीं वेगळे करून दाखविले. तोंपर्यंत असे रोगी आंतडें अडलें असावें अशा समजुतीनें दगावत असत. आम्हांस विशेष वाटतें तें पुढेंच आहे. आंत्रपुच्छाच्या बाबतींत 'लवकर कापा' म्हणणाऱ्या याच गृहस्थानें स्वादुपिंडाच्या बाबतींत मात्र आरंभींच पोट उघडणें अत्यंत धोक्याचें आहे असा इशारा दिला. एकाच सुरीस दोन इंद्रियांपुढें दोन निरनिराळे नियम लावणें हें ज्याला शरीराचें अंतरंग ठाऊक आहे त्यालाच साधतें. शंभर-सव्वाशें वर्षांच्या वादविवादानंतर आज शल्यवैद्य याच मताशीं आले आहेत. सडलेला भाग काढावयाचा झाल्यास कांहीं आठवडे थांबावें, आधीं नळीनें निचरा करावा आणि गरज पडली तरच पुढें जावें. या क्रमानें मोठीं संकटें कमी होतात असें नेदरलंड्समधील २०१० सालच्या अभ्यासांत दिसून आलें.

फिट्झ यांच्या आधींचा व नंतरचा इतिहासही असाच आहे. १६४२ सालीं पादुआ येथें विर्सुंग या जर्मन शारीरज्ञास फांशीं गेलेल्या एका इसमाच्या देहांत स्वादुपिंडाची मुख्य नलिका सांपडली. ती शीर आहे कीं आणखी कांहीं, हें त्यांस कळेना. म्हणून त्यांनीं तिचें चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून निरनिराळ्या विद्वानांकडे पाठविलें व तिचा उपयोग काय असें विचारलें. उत्तर मिळण्यापूर्वींच, १६४३ मध्यें, त्यांचा खून झाला. १९०१ सालीं बाल्टिमोर येथील यूजीन ओपी या तरुण संशोधकास एका मृत रोग्याच्या शरीरांत, पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका जेथें एकत्र येऊन आंतड्यांत उघडतात त्या तोंडाशींच, एक लहानसा खडा अडकलेला आढळला. पित्ताचा खडा आणि स्वादुपिंडाचा दाह यांचा संबंध तेथें प्रत्यक्ष दिसला. मग १९०८ पासून रक्त व मूत्र यांतील पाचकद्रव्य मोजण्याची युक्ति हातीं आली, आणि जें निदान पूर्वीं बहुधा मृत्यूनंतर होई तें जिवंतपणीं होऊं लागलें.

आपल्या देशास या विषयांत परकें मानण्याचें कारण नाहीं. प्रेत गवतानें वेष्टून, पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावें व नंतर कुंचलीनें हळूहळू घासून एकेक थर पाहावा, असा विधि सुश्रुतानें शारीरस्थानांत सांगितला आहे. मध्यंतरीं ही परंपरा तुटली ती १८३६ सालीं कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनीं शवाला सुरी लावली तेव्हां पुन्हा जोडली गेली. मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्यें सुरू झालें. स्वादुपिंडाच्या बाबतींत तर उष्ण प्रदेशांतील एका विशिष्ट दाहाचा अभ्यास मुख्यतः भारतांतच झाला. केरळांतील डॉ. गीवर्गीस यांनीं लहानपणीं पोटदुखी, पौगंडावस्थेंत मधुमेह आणि ऐन तारुण्यांत मृत्यु असा क्रम असलेल्या रोग्यांच्या स्वादुपिंडांत खडे दाखविले. त्यांचा ग्रंथ १९६८ सालीं मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानें छापला. याच प्रकारच्या मधुमेहावर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं काम केलें. मुंबईचे शल्यवैद्य डॉ. वि. ना. श्रीखंडे यांनीं स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेंत नांव मिळविलें. या रोगास टॅपिओका कारणीभूत असावा असा तर्क एके काळीं होता. तो पुढें टिकला नाहीं, आणि आज आनुवंशिक दोषांकडे अधिक लक्ष दिलें जातें.

हें सर्व लिहिण्यास एक घरगुती निमित्त आहे. ज्या नेरूळ-कामोठ्याच्या परिसरांत साठ वर्षांपूर्वीं भातखाचरें व मिठागरें होतीं, तेथें आज वैद्यकीय महाविद्यालयें उभीं आहेत. आमच्या वसाहतींतील एका कुटुंबांतील कन्येनें वैद्यकाची पदवी उत्तम रीतीनें मिळविली, आणि पुढें शारीरशास्त्रच घेणार असें सांगितलें. घरांत वादळ उठलें. वडिलांचें म्हणणें असें कीं, दवाखाना नाहीं, रोगी नाहीं, मिळकत बेताची, मग एवढीं वर्षें शिकविलें कशाला? आजी म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच हिला समजवा. लग्नाच्या वयाची मुलगी, हिनें काय मढ्यांत जन्म काढायचा?" मुलगी शांतपणें म्हणाली, "अगं आजी, तुझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया ज्यानें केली, त्याला कुठली नळी कुठें असते हें कुणीतरी शिकवलंच असेल ना?"

मुलीच्या या प्रश्नास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आणि वडिलांचे आक्षेपही खोटे नव्हते. या शाखेंत पैसा कमी आहे हें खरें. तिच्या पदव्युत्तर जागा अनेकदा रिकाम्या राहतात हेंही खरें. पण शेंकडा पांच ते दहा माणसांत स्वादुपिंडाच्या दोन मूळ नलिका गर्भावस्थेंत जुळतच नाहींत, ही गोष्ट जिला शेंकडों देहांचा परिचय आहे तीच विद्यार्थ्यांस डोळ्यांनीं दाखवूं शकते. एक वैद्य आपल्या दवाखान्यांत येईल तेवढ्यांना बरें करील. शारीराची शिक्षिका दरवर्षीं शंभर-दीडशें भावी वैद्यांच्या हातांस वळण लावील. शाळामास्तरकीचा आमचा अनुभव यांत बोलत असेल तर बोलो. प्रत्येक अभ्यासक फिट्झ होणार नाहीं. परंतु ही शाखाच ओस पडली तर पुढचा फिट्झ यावयाचा कोठून? मुलीस अडवूं नये, असें आम्हीं त्या कुटुंबास स्पष्ट सांगितलें. निर्णय त्यांचा आहे. अर्जाची मुदत अजून आहे.

आतां आमच्या वाचकांच्या घरांविषयीं दोन शब्द. पोटाच्या वरच्या भागांत एकाएकीं असह्य कळ उठून ती पाठींत जात असेल, पुढें वांकून बसल्यानें किंचित् आराम पडत असेल आणि ओकाऱ्या थांबत नसतील, तर ओवा, सोडा, पित्ताची गोळी यांत रात्र घालवूं नये. रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें. रक्ताच्या साध्या परीक्षेनें बहुधा निदान होतें. दहांपैकीं आठ रोगी सौम्य प्रकारांतले असतात व योग्य उपचारांनीं बरे होतात. उरलेल्या दोघांच्या बाबतींत मात्र पहिले कांहीं तासच मोलाचे असतात. विशेषतः घरांतील स्त्रिया आपलें दुखणें सर्वांचें जेवण उरकेपर्यंत सांगत नाहींत. पित्ताचे खडे असणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते, तेव्हां पुरुषांनीं हें लक्षांत ठेवावें.

शेवटचा मुद्दा अधिक नाजूक आहे. शारीराचें शिक्षण शवावांचून होत नाहीं. १९४९ च्या मुंबई शारीरशास्त्र अधिनियमानें बेवारस प्रेतें महाविद्यालयांस देण्याची सोय केली. आज स्वेच्छेनें केलेलें देहदानही स्वीकारलें जातें. मात्र मृत्यूनंतर देह पोंचविण्याचें काम घरच्यांसच करावें लागतें, म्हणून त्यांची संमति हीच खरी. आम्हीं स्वतः अर्ज भरला आहे. थोरल्या चिरंजीवांनीं त्यावर सही केली. आमच्या सौभाग्यवतींनीं अद्याप केलेली नाहीं. दाहसंस्कार झाला नाहीं तर पुढचीं क्रियाकर्में कशीं व्हावयाचीं, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्याचा देह हातीं लागत नाहीं त्याच्यासाठीं पळसाच्या पानांची प्रतिकृति करून दहन करण्याचा पालाशविधि धर्मशास्त्रानें सांगितला आहे, हें आम्हीं त्यांस दाखविलें. त्यांनीं तें पान दोनदां वाचलें, पोथी मिटली आणि "विचार करीन" म्हणाल्या. आम्हीं घाई केली नाहीं. ज्या घरांत असा अर्ज येईल, तेथेंही तो घाईनें सही करून घेण्याचा कागद होऊं नये. सर्वांनीं बसून, मनांत असलेलें बोलून मग ठरवावें.