वर्ज्य काय होते?

‘तेव्हाचे चित्रपट घरातल्या सर्वांसह बसून पाहता येत,’ हे वाक्य मध्यमवर्गीय घरांतून हमखास ऐकू येते. त्यात तथ्य आहे. मात्र ते चित्रपट अवघड विषयांच्या वाटेला जातच नव्हते, असा अर्थ त्यातून काढणे इतिहासाला धरून नाही.

पुण्याच्या ‘प्रभात’ने १९३५ साली ‘धर्मात्मा’ काढला आणि संत एकनाथांच्या चरित्राच्या आधारे अस्पृश्यतेवर बोट ठेवले. ‘महात्मा’ हे त्याचे मूळ नाव ब्रिटिश राजवटीतील सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. १९३७ साली व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ आला. बाला-जरठ विवाहाचा प्रश्न देवलांच्या ‘शारदा’ने १८९९ सालीच रंगभूमीवर मांडला होता, पण शारदेचे लग्न ऐन वेळी मोडते, नीरेचे लागते. १९३० पासून लागू झालेल्या शारदा कायद्याने वधूचे किमान वय १४ ठरवले, वराच्या उतारवयाला मात्र मर्यादा घातली नाही. कायद्याने मोकळे सोडलेले हे दुखणे चित्रपटाने वेशीवर टांगले. शांता आपटे यांची नीरा वृद्ध वकिलाला पती मानण्यास नकार देते आणि अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. तिची पाठराखण करते ती त्याच वकिलाची मुलगी. ती भूमिका संततिनियमनाच्या कार्यासाठी पुढे ख्यातकीर्त झालेल्या शकुंतला परांजपे यांनी केली होती. दोन वर्षांनी ‘माणूस’ने पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या प्रेमाची व्यथा मांडली.

जुने ते सारे सोने असे मुळीच नाही. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’तील नायिकेच्या पोहण्याच्या पोशाखाने त्या काळीही खळबळ उडवली होती. तरीही ‘कुंकू’, ‘माणूस’ यांना समाजाने आपले मानले, कारण त्यांचा हेतू स्वच्छ होता. प्रेक्षकाला चाळवणे हा तो हेतू नव्हता. स्वतःच्या घरातील अन्यायाची त्याला लाज वाटावी, एवढेच त्यांना साधायचे होते. हिंदू समाजाने आपले दोष आपणच दाखवावेत आणि आपणच दूर करावेत, ही परंपरा नाथांपासूनची आहे. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला, तो याच परंपरेतला होता.

आज पडद्यावर काहीही वर्ज्य उरलेले नाही, ही पालकांची तक्रार रास्त आहे. पण त्यावर मौन हा उपाय नव्हे. घरात ज्या विषयावर बोलणे होत नाही, तो मुलांना मोबाइलच्या पडद्यावर एकांतात गाठतो, आणि तिथे बरे-वाईट सांगायला कोणी नसते. विषय टाळल्याने संस्कार होत नाहीत. विषयाकडे पाहण्याची दृष्टी दिल्याने होतात. म्हणून जुन्या चित्रपटांचे केवळ गोडवे न गाता, एखाद्या रविवारी ‘कुंकू’ घरातील तरुण मुलामुलींसह पाहावा आणि नीरेचे काय चुकले, हा प्रश्न त्यांना विचारावा. त्यांचे उत्तर ऐकून घेण्याची तयारी मात्र वडीलधाऱ्यांनी ठेवली पाहिजे.