वसतिगृहास कुलूप लागते तेव्हा



आपल्या घरातील मुलगा अथवा मुलगी महाविद्यालयाची पायरी चढते, तेव्हा पिढ्यान् पिढ्या नाकारला गेलेला एक हक्क त्या घरात प्रवेश करीत असतो. त्यासाठी आपण पोटाला चिमटा घेता, दागिना मोडता, प्रसंगी कर्ज काढता. फी किती, पुस्तके कोणती, शिष्यवृत्ती केव्हा मिळणार, याची चौकशी करता. परंतु आमचे मूल आजारी पडले तर तेथे त्यास पाहणार कोण, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी आपणांपैकी किती जण विचारतात? हा प्रश्न किती निकडीचा आहे, हे २०२० साली आलेल्या करोनाच्या महामारीने दाखवून दिले. तो धडा आता विस्मृतीत चालला आहे, म्हणूनच आज हा विषय आम्ही मुद्दाम आपल्यापुढे मांडीत आहोत.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना ही जगद्व्यापी साथ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात महाराष्ट्रातील महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंदीत गेला. ठिकठिकाणची वसतिगृहे रिकामी करण्यात आली. एका खोलीत तीन-चार विद्यार्थी, सर्वांस मिळून एक न्हाणीघर आणि एक खानावळ, अशा ठिकाणी श्वासावाटे पसरणारा रोग आवरणे कठीण, हे आम्ही जाणतो. त्या निर्णयास आमचा आक्षेप नाही. त्यानंतर जे व्हावयास हवे होते व झाले नाही, त्यास आमचा आक्षेप आहे.

सुखवस्तू घरातील विद्यार्थी वसतिगृहातून निघाला तो आपल्या घरातील स्वतःच्या खोलीत गेला. त्याच्या कुटुंबाचा डॉक्टर दूरध्वनीवर उपलब्ध होता. आमचा विद्यार्थी कोठे गेला? जेथे सहा माणसे एकाच खोलीत निजतात, तेथे तो गेला. आजाऱ्यास वेगळे ठेवा, ही सूचना त्या घराने कशी पाळावी? बापाची मजुरी बंद, आईची धुण्याभांड्याची कामे सुटलेली. अशा मुलास वसतिगृहाने दोन वेळचे जेवण, अभ्यासापुरता दिवा आणि हाकेच्या अंतरावरील शहरी दवाखाना दिला होता. कुलूप लागले तेव्हा या साऱ्यासच कुलूप लागले.

विश्वविद्यालय अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये सर्व विद्यापीठांस सूचना पाठविली की, विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी मदतवाहिन्या सुरू कराव्यात आणि वसतिगृहप्रमुख वा ज्येष्ठ प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांचे साहाय्यगट नेमावेत. सूचना चांगलीच होती. पण विद्यार्थी दूरच्या गावी पांगलेले असता ती त्यांच्यापर्यंत पोहोचावयाची कशी? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार इंटरनेटची सोय ग्रामीण भागातील १४.९ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के घरांतच होती. संगणक तर ग्रामीण भागातील शंभरांपैकी पाच घरांतही नव्हता. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि चार भिंतींच्या आत सारे कुटुंब बसले आहे, त्या घरातील मुलीने आपल्या मनातील भीती समुपदेशकास कोणत्या कोपऱ्यात जाऊन सांगावी?

लसीची कथाही अशीच आहे. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील तरुणांस लस खुली झाली. परंतु प्रारंभी तिच्यासाठी संगणकीय नोंदणी सक्तीची होती. ज्याच्या हाती चांगला मोबाइल त्यास दिवस मिळे. ज्याच्या हाती नाही तो ताटकळत राही. पुढे २० ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रातील महाविद्यालये उघडली, आणि २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात शासनाने ‘मिशन युवा स्वास्थ्य’ ही मोहीम काढून महाविद्यालयांतच लस देण्याची व्यवस्था केली. म्हणजे मनात आणले तर आरोग्यसेवा विद्यार्थ्याच्या दारी जाऊ शकते! मग ती संकट ओसरल्यावरच का जावी? ऐन संकटात का जाऊ नये?

याचे मोल आपण काय मोजले, याची एक नोंद सरकारदप्तरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या २०१९ मध्ये १०,३३५ होती. २०२० मध्ये ती १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ झाली. यांत शाळकरी मुलेही आहेत, आणि प्रत्येक मृत्यूमागील कारणे निरनिराळी असतात. साऱ्याचा दोष महामारीस देणे अविचाराचे होईल. परंतु विद्यालयांची दारे बंद असता हा आकडा वाढत गेला, ही गोष्ट कोणत्याही विचारी माणसास अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने त्यास स्वतः धुतले, उचलून शय्येवर ठेवले, आणि संघास समजाविले की, आईबापांस सोडून आलेल्यांनी परस्परांची शुश्रूषा केली नाही तर ती दुसरे कोण करणार? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांस बोलावीत बसल्या नाहीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचल्या, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. शिक्षण देणाऱ्याची जबाबदारी वर्गाच्या उंबरठ्यावर संपत नाही, हा या दोन्ही प्रसंगांचा अर्थ आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आरोग्यसेवा ही विद्यार्थ्याच्या नावाशी बांधलेली असावी, इमारतीशी नव्हे. ज्याचे नाव पटावर आहे, तो वसतिगृहात असो की आपल्या गावी, त्यास वैद्य, औषध आणि समुपदेशन मिळालेच पाहिजे. वसतिगृहे रिकामी करण्यापूर्वी, ज्यांस घरी वेगळे राहणे अशक्य आहे त्यांची यादी करून त्यांची तेथेच सोय व्हावी. गावी गेलेल्याची माहिती तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावी. भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी भत्ते मिळतात. आजारपणाच्या खर्चाचीही स्वतंत्र तरतूद व्हावी.

ही भिक्षेची याचना नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, असा निर्देश दिला आहे. पण जो हक्क कोणी मागत नाही, तो कागदावरच राहतो!

आता थोडे आपल्या घराविषयी. मूल अबोल झाले, जेवेनासे झाले, रात्रभर जागू लागले, तर त्यास नजर लागली म्हणून भगताकडे नेऊ नका. आळशी म्हणून हिणवू नका. मनाचा आजार हाही आजार आहे. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका, डॉक्टरकडे न्या. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तो विनामूल्य आहे. तो घरातील भिंतीवर लिहून ठेवा.

आणि पुढील वर्षी मुलाचा प्रवेश घ्यावयास जाल, तेव्हा फीची पावती हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. येथे डॉक्टर कोण? समुपदेशक कोण? उद्या पुन्हा साथ आली आणि वसतिगृह बंद झाले, तर आमच्या मुलाची विचारपूस कोण करणार? एकट्याने विचारल्यास कदाचित हसण्यावारी नेतील. वस्तीतील दहा पालक मिळून जा. दहा जणांस उत्तर द्यावेच लागते.